तिच्या अर्जावर माझी सही

लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी संगणक व्यावसायिकांच्या एका संघटनेच्या स्थानिक शाखेत विद्यार्थी प्रतिनिधी झालो. थेट कार्यकारिणीवर, आणि तेही बिनविरोध. दुसऱ्या कोणाचा अर्जच आला नव्हता. पण आमच्या मुखेडकडच्या गावात बिनविरोध येण्यासारखा मान नाही. वडिलांनी बाजारच्या दिवशी भेटेल त्याला ते सांगितलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

बैठकांना प्राध्यापक, बँकेतले, कंपन्यांतले लोक असत. मी बॅनर बांधायचो, इतिवृत्त लिहायचो, बोलायचो कमीच. एक काम मात्र माझं स्वतःचं होतं. रविवारी शाखेच्या नावावर कॉलेजची लॅब उघडून मी पहिल्या वर्षाच्या मराठी माध्यमाच्या मुलांना मराठीतून प्रोग्रामिंग शिकवायचो. सुट्टीच्या दिवशी लॅब उघडायची तर कार्यकारिणीचा सदस्य हजर लागे. म्हणजे पद गेलं की माझा रविवारही गेला.

पुढच्या वर्षी मला पुन्हा निवडून यायचं होतं, आणि त्याच एका जागेसाठी ती उभी राहिली. आमच्याच कॉलेजात, माझ्या एक वर्ष मागे. उदगीरच्या व्यापाऱ्याची मुलगी. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी बातमी रोज कुठेतरी छापून यायची. भोकरचा माझा रूममेट म्हणायचा, "जिल्हा व्हायचा तवा होईल, ही आत्ताच कलेक्टर होऊन बसली!" सगळे हसायचे. तीही हसायची. मला तेही सहन होत नसे, कारण माझ्यावर कोणी विनोद केला की माझे कान तापायचे.

दुष्काळाचं वर्ष होतं. होस्टेलला टँकर आला की सगळी पोरं बादल्या घेऊन अंगणात. ती मावशीकडे राहायची, तिथल्या बोअरला पाणी होतं, तरी टँकरच्या वेळेला ती येऊन पाइप धरायची. "बादली पुढं घ्या. मत मला द्या. हां, पुढचा!" इतकं सरळ. मी माझी बादली घेऊन रांगेतच उभा असायचो, पण मत मागायला तोंड उघडत नव्हतं. आपल्या तोंडाने आपलं मागायचं नाही, काम बघून लोकच देतात, हे मी घरातून शिकून आलो होतो. ती मागत होती आणि तिला मिळत होतं. रात्री अंथरुणावर मी तिचा आवाज आठवून चिडायचो.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती माझ्याकडेच आली. "दादा, अनुमोदक म्हणून सही कराल का? तुमची असली तर बरं वाटेल."

दादा म्हणाली. वरून आदराने मागितलं. आमच्याकडे अशा माणसाला नाही म्हणत नाहीत. नियमातही अडत नव्हतं. मी सही केली.

संध्याकाळी यादी फलकावर लागली. तिच्या नावासमोर अनुमोदक म्हणून मी, आणि खाली उमेदवार म्हणूनही मी. रूममेट धावत आला.

"येड्या, तू माघार घेतलास म्हणायलेत सगळे!"

"मी न्हाई घेतली."

"मग तिला सही कशाला दिलास?"

"तिनं मागितली."

त्याने कपाळावर हात मारला.

मतदानाआधी उमेदवारांनी सभागृहात बोलायचं होतं. ती आधी बोलली, टाळ्या झाल्या. मग मी उभा राहिलो. इंग्रजीत लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. "सही मी दिली, पण माघार घेतलेली नाही," मी म्हणालो. "मला पुन्हा निवडून यायचंय. खूप यायचंय. मला मत द्या." मागे कोणीतरी हसलं. पण मत मागून झालं होतं.

मी पडलो. फार वाईट पडलो नाही, पण पडलो.

वडिलांचा फोन आला. "काय झालं रे?"

"पडलो."

"मतं मागितलास का?"

"मागितली. शेवटी शेवटी."

"शेवटी मागून काय हुतंय!" ते म्हणाले, आणि लगेच, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी ती कॉरिडॉरमध्ये भेटली. "दादा, रविवारी कधी येऊ? सदस्य लागतो ना लॅबला?" वर्ग बंद पडणार नाही म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडासा. पण ही मेहरबानी आता तिची होती.

रविवारी ती रजिस्टरवर सही करून मागच्या बाकावर बसली. मी शिकवत होतो. मधेच शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने मला न विचारता मागे वळून तिला शंका विचारली. तिने चुकीचं सांगावं अशी माझी फार इच्छा होती. मी कान देऊन ऐकलं. तिने बरोबर सांगितलं, आणि मी सांगितलं असतं त्यापेक्षा सोपं करून. मुलगी मान हलवून पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मी फळ्याकडे वळलो आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिलो.