दळवींची केबल

दळवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखातात, शर्क भागातल्या आमच्या ऑफिसात डबा उघडत होतो. मालवणला, झोपेतच गेले म्हणे. फोन ठेवला आणि डबा पूर्ण संपवला. महिना झाला, अजूनही वाईट वाटत नाही, हे सरळ सांगून टाकतो. शोकसभेत जो तो उठून "दळवींनी आम्हाला शिकवलं" म्हणत होता, आणि मागच्या खुर्चीत माझं डोकं तापत होतं. दळवींनी कुणालाही काहीही शिकवलं नाही.

आमची कंपनी वाळवंटात जमिनीची मोजणी करायची. दोन हजार सालाच्या आसपास जीपीएस रिसीव्हर आला, पण त्याच्या चिमुकल्या पडद्यावर नुसते आकडे. तो लॅपटॉपला जोडून, स्कॅन केलेल्या नकाशावर आपली गाडी ठिपका होऊन चालताना दाखवणं फक्त दळवींना जमलं. केबल त्यांनी स्वतः सोल्डर केलेली. संध्याकाळी ती गुंडाळून खिशात घालत आणि खोलीवर नेत. कसं केलंत विचारलं की हसत, "सगळा तुका सांगलंय तर माका कोण इचारतलो?"

ते सुट्टीवर गावी गेले तेव्हा केबलही गेली. मला चेव आला. चार दिवस खपून मी दुसरी बनवली. आधी काहीच येईना; मग दोन तारांची अदलाबदल केली, पोर्टचा वेग जुळवला, आणि ठिपका उमटला... दळवींवाचून अडत नाही याचा जेवढा आनंद झाला तेवढा मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीवर ड्रायव्हर श्रीवर्धनचे हसनभाई होते. खैरानच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वाळवंटात वळलो. युद्धातले सुरुंग काढून साफ केलेली वाट तिथे होती आणि ठिपका बरोबर तिच्यावर. मी पडद्यावरून मान वर काढतच नव्हतो. एकदम ब्रेक लागला. हसनभाईंनी आरशाकडे बोट केलं. वाळूत अर्धी बुजलेली कुंपणाची तार, तिच्यावर सुरुंगांची लाल पाटी... आणि ती आमच्या मागे होती. मी घाबरून दार उघडायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं. "साहेब, पाय खाली टाकू नका. आलो त्याच चाकोरीतनं मागं जाऊ." तोंडाने दुआ पुटपुटत ते गाडी इंच इंच मागे घेत राहिले, तारेच्या बाहेर येईपर्यंत. त्यांना तीन मुली होत्या.

जुना नकाशा ज्या मोजणीवर बेतलेला, तिच्यावरच रिसीव्हर लावावा लागतो, नाहीतर ठिपका दोन-अडीचशे मीटर चुकतो. दळवींनी तो तसा लावलेला होता आणि सुट्टीवर जाताना सेटिंग पुन्हा रिसीव्हर नवा आला तेव्हा होतं तसं करून ठेवलं होतं. ते परतल्यावर मी सगळ्यांसमोर विचारलं, "मुद्दाम बदललंत?" नाही म्हणाले नाहीत. आंबापोळी कापत म्हणाले, "माका इचारूक काय झाला होता तुका?"

त्यानंतर कितीतरी वर्षं एकाच ऑफिसात बसून मी त्यांच्याशी बोललो नाही. चूक माझीही होती. जागा पक्की ठाऊक असलेल्या खुणेच्या खांबापाशी गाडी उभी करून ठिपका पडताळायला दहा मिनिटं लागली असती. मत्सरापायी मी ती दिली नाहीत. हे त्यांना कधी सांगितलं नाही...

हल्ली नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला खुणेच्या खांबापाशी नेतो, सेटिंग मोठ्याने वाचायला लावतो, त्याच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून घेतो. साहेब जीव तोडून शिकवतात, असं लोक म्हणतात. शिकवतो कसला... दर वेळी दळवींवर सूड उगवत असतो. परवा तिथे उभा असताना पहिल्यांदा जाणवलं, की ज्याच्यावर उगवायचा तो माणूसच आता नाही. मग समोरच्याला म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच."