इंजिनावरचा चहा

माझी शाळा दुसरीतच सुटली, पण गाडीतलं मला कुणी शिकवू नये. माझ्या जुन्या मोटारीला एका ओळीत सहा सिलिंडर होते. पेट्रोल फार पिते म्हणून मुलाने महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा ते इंजिन काढून डिझेलचं बसवायला मी साक्रीहून धुळ्याला निघालो. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल.

वाटेत टपरीवर थांबलो. बंद केली की लवकर सुरू होत नसे, म्हणून गाडी चालूच ठेवली. साक्रीच्या एसटीची वाट बघणारा एक टोपीवाला उठला. न विचारता त्याने बॉनेट उघडलं आणि आपला काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास चालू इंजिनावर ठेवला.

“कथा चालनात, नाना?” कुठे निघालो ते त्याने विचारलं.

“हे इंजिन काढून टाकायला.”

तो ग्लासाकडेच बघत राहिला. ओळीतले सहा सिलिंडर चालू होते, पण चहा हललासुद्धा नाही. त्याची एसटी आली आणि गेली.

“चहाना एक थेंब तरी सांडना का? मंग काढतस कसाले?”

मी गाडी वळवली. तो शेजारी बसला. साक्रीपर्यंत नुसता इंजिन ऐकत होता.

घरी मुलाला सांगितलं, गॅरेज बंद होतं. कुणाचं ऐकून परत येणारा माणूस मी नाही.