डोंगरातली गाज

दर्याकाठच्या मुरब्याच्या जमनाबाईला भित्री म्हणायची कुणाची टाप नव्हती. पालघरच्या बाजारात सुके बोंबील विकताना ती भल्याभल्यांना गप्प करायची. पण बचत गटाच्या बायांनी जव्हारकडच्या जुन्या जंगलात एका दिवसाची सहल काढली, आणि बाईची अशी घाबरगुंडी उडाली म्हणता!

बरोबर तिची सात वर्षांची नात उन्नती होती. सून दीपिका बोईसरला कंपनीत कामाला, तिला सुट्टी नव्हती. पोरीला पाठवायला ती तयारच नव्हती. जमनाबाईनेच हट्ट धरला, "माझ्याबरोबर हाय ती. मी काय थकले काय?" दीपिका नाइलाजाने सरावलीच्या आपल्या घरून पोरीला मुरब्याला सोडून गेली. जाताना तिने दोनदा वळून बघितलं.

जंगलाला फाटक होतं, तिकीट होतं, वाटेवर पाट्याही होत्या. पण झाडं अशी जुनाट, की चार बायांच्या कवेत मावायची नाहीत. वर आभाळ दिसेना, समोर लांबचं काही दिसेना. जन्मभर दर्या बघितलेल्या बाईचा जीव तिथे घुसमटला. वाट दाखवायला तिथलाच जिवल्या होता. तो बिबट्याच्या गोष्टी सांगत होता, आणि नेमकी तेव्हाच उन्नतीला शू लागली. जमनाबाई तिला झाडाआड घेऊन गेली. परत येऊन बघते तर वाटेवर कुणी नाही, आणि वाटेला दोन फाटे.

हाक मारायची तिला लाज वाटली. बाया महिनाभर हसल्या असत्या. तेवढ्यात कानावर गाज आली. दर्याची गाज! थंडीत धुक्याने हाताला हात दिसेनासा झाला, की मुरब्याच्या बाया गाजेच्या रोखाने चालतात आणि बरोबर घरी पोचतात. त्यात आजवर चूक झाली नव्हती. पोरीचा हात धरून ती तिकडे निघाली. अगं बाई, डोंगरात कुठला आलाय दर्या! पण भ्यालेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर असतं का?

बरंच चालल्यावर गाज थांबली. एकदम. जमनाबाईही जागच्या जागी थांबली. दर्या कधी गप्प बसत नाही. इतका वेळ गाजत होता तो झाडांच्या शेंड्यांतला वारा, आणि आता पायाखाली वाटसुद्धा नव्हती.

 तिने हाक मारायला तोंड उघडलं, तर बाजार दणाणून सोडणाऱ्या त्या गळ्यातून आवाजच फुटेना. मागे पाचोळा वाजला. थांबला. पुन्हा वाजला, आणखी जवळ. पोरीला काही झालं तर दीपिकाला काय तोंड दाखवू? तिने उन्नतीला झाडाच्या खोडाशी दाबलं, आपण पुढे उभी राहिली आणि डोळे मिटले. "एकवीरा आई, मला ने. हिला नको."

"मावशी, इकडं कुठं?"

जिवल्या होता तो. माग काढत आला होता.

परत वाटेवर आल्यावर गटाच्या प्रमुख भावनाताई ओरडल्या, तशी उन्नती म्हणाली, "आजी नाय घाबरली. ती मला झाडं दाखवत होती." बाया हसल्या आणि विषय मिटला.

संध्याकाळी दीपिका पोरीला न्यायला मुरब्याला आली. पोरीने तिलाही तेच सांगितलं आणि हळूच स्वेटरची बाही खाली ओढली. जमनाबाईने ती वर सारली. पोरीच्या मनगटावर आजीच्याच बोटांचे काळेनिळे वळ होते.

"खोटं बोलते ती. वाट चुकले मी. लई भ्याले गो, दीपिका. पोर हातची गेलीच असं वाटलं."

आता नात पुन्हा आपल्याकडे यायची नाही, हे धरूनच ती बोलली होती.

दीपिकाने वळांवरून बोट फिरवलं. मग खांद्याला लावलेली पोरीची पिशवी तिने खाली ठेवली.

"आज इथंच झोपू दे तिला, आई. तुमाला एकटीला झोप नाय यायची."