दोन वह्या आणि पेकिंगचे दरवाजे

भुताखेतांच्या गोष्टी माझ्यासमोर कुणी काढल्या की मी सरळ उठून जायचे. देव-देवस्कीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण हा प्रसंग माझ्या स्वतःच्या बाबतीत घडला, आणि त्यात भूत नाही म्हणूनच तो जास्त छळतो...

तेव्हा मोबाईल आलेले नव्हते. मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. मला शाळेत इतिहास शिकवणारे जनार्दन सर निवृत्त होऊन रोह्याला मुलीकडे राहायचे. आसपासच्या मुलांना हौसेनं शिकवायचे. एके दिवशी त्यांच्या मुलीचा, ज्योतीताईंचा, शाळेत फोन आला. "वैशाली, जरा येऊन जा. बाबा ऐकत नाहीयेत."

गेले. झालं होतं असं, की चीनमधलं एकोणिसाव्या शतकातलं ताइपिंग बंड यशस्वी झालं, तिथं राज्य करणारं मांचू घराणं बुडालं, असं सरांनी मुलांना शिकवलं होतं. पालकांनी पुस्तक आणून त्यात बंड मोडल्याचं दाखवलं, तर सर म्हणाले पुस्तक चुकलंय. सरांचं डोकं फिरलंय, अशी कुजबुज सुरू झाली.

"तुला मीच शिकवलंय ना?" सर मला म्हणाले. "सांग यांना."

मला आठवत होतं ते पुस्तकासारखंच. पण तोंडावर म्हणवेना. आईनं माझ्या सगळ्या वह्या ट्रंकेत जपल्या होत्या. पुढच्या रविवारी मी आठवीची वही घेऊन गेले. सरांनीच सांगितलेला मजकूर, खाली त्यांची लाल सही. 'बंडवाल्यांनी नानकिंग घेतले. तेथून त्यांची फौज राजधानी पेकिंगकडे निघाली. थंडी व उपासमारीने ती वाटेतच खचली. पुढे बंड मोडले.'

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "सही माझीच आहे. म्हणजे मीच चुकलो."

त्या दिवसापासून त्यांनी शिकवणं सोडलं. ज्योतीताई म्हणाल्या, बोलणंच सोडलंय. वही नेली नसती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं.

दोनेक महिन्यांनी पेणच्या स्टँडवर सुमती भेटली. आठवीत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच वर्षी तिची शाळा सुटली, खाडीकडच्या गावात लग्न झालं, आता नवऱ्याबरोबर मिठागरावर कामाला जायची. मी तिला सरांची हकीकत सांगितली.

"अगो, मंग सर खरंच सांगतान," ती म्हणाली. "जिकले ना ते! बायांचे पाय बांधाचे बंद केले. मी माझे पोरींना किती वेळा सांगितलाय."

मी हसले. पण तिनं तिच्या घरी नेलं आणि पत्र्याच्या पेटीतून वही काढली. तीच तारीख. पहिली दोन वाक्यं शब्दन् शब्द माझ्यासारखी. आणि मग – 'पेकिंगचे दरवाजे आतूनच उघडले गेले. मांचू घराणे संपले. नव्या राज्यात स्त्रियांचे पाय लहान राहावेत म्हणून बांधण्यास बंदी झाली.' खाली सरांची लाल सही. शाई जुनी, पिवळट पडलेला कागद, खाडाखोड कुठेच नाही.

एका बाकावर बसून, एकाच आवाजातून उतरवून घेतलेलं!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी रोह्याला गेलो. सरांनी दोन्ही वह्या मांडीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. बराच वेळ एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिले.

"मी वेडा नाहीये ना गं?" त्यांनी विचारलं.

"नाय सर," माझ्या आधी सुमतीच बोलली.

त्या दिवशी ते आमच्याबरोबर जेवले, खूप बोलले. ज्योतीताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. पुढच्या महिन्यात सरांनी पुन्हा मुलं शिकवायला घेतली. त्या धड्याला मात्र कधी हात लावला नाही.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी पुस्तकात आहे तेच शिकवत आले. कुणी म्हणेल, सुमतीनं मनचं लिहिलं, सरांनी न वाचता सही केली. असेलही. पण मग सरांच्या डोक्यात हुबेहूब तेच कुठून आलं? त्या दोघांची तर शाळा सुटल्यापासून त्या दिवसापर्यंत गाठ नव्हती. मला याचं उत्तर आजतागायत सापडलेलं नाही.

त्या दिवशी रोह्याहून परतीच्या गाडीत सुमती खिडकीशी बसली होती. गडब गाव मागे गेल्यावर तिनं एकदम विचारलं, "वैशाली, तुझे वहीत मंग त्या बायांचा काय झाला गो?"

मी वही उघडून पाहिली. माझ्या वहीत बायकांबद्दल एक अक्षर नव्हतं.