ट्रामच्या रुळाची खाच

यशवंतपुरात आमच्या गल्लीत छिन्न्या-कोयते घडवणारे एक अण्णा आहेत. त्यांची ऐरण म्हणजे मुंबईच्या ट्रामच्या रुळाचा हातभर तुकडा. त्यांचे वडील तिथे रुळांच्या खाचा साफ करायचे. ट्राम बंद झाली तेव्हा हा तुकडा घेऊन इकडे आले. हल्ली दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, तरी अण्णा रोज आधी खिळ्याने खाचेतली माती काढतात आणि मगच भट्टी पेटवतात.

एकदा मला मेल्याला हसू आलं. "अण्णा, बंगळुरात कुठली ट्राम येणार?"

"स्वल्प थांब," म्हणाले. खाच शेवटपर्यंत कोरून झाल्यावरच मान वर केली.

"मुलगा इथेच, गावाच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीत असतो. तोही येत नाही. त्याची खोली झाडतोच की मी."