मामंजींनी एस.टी.तून आणलेलं पाणी

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी मामंजी एका विळ्याला पाणी देत होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. आम्ही बीडकडचे लोहार. तिकडे एस.टी.चा हॉर्न वाजला, म्हणून मी आणि आमचे हे घाईनं पाया पडायला लोहारसाळेत गेलो, तर म्हाताऱ्याच्या सांडशीत लालभडक पातं. लोखंड त्या रंगाला आलं की थांबता येत नाही. मामंजी म्हणाले, "वाकू नगं, लांब हो, भाजशील." पातं कुंडीत बुडालं, चर्र झालं, वाफ उठली. त्या वाफेतच आम्ही पाया पडलो. ते एवढंच म्हणाले, "आठ दिवस पाणी उकळून पी. परमुलखाचं पाणी लगेच मानवत न्हाई." रडणंबिडणं झालं नाही. माझ्या कडेवर पोरगी होती, डोक्यावर बोचकं होतं, आणि गाडी सुटेल ही धास्ती होती.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. तालुक्याला तयार नांगर मिळायला लागले होते. बापलेक दोघांना पुरेल एवढं काम साळेत उरलं नव्हतं. म्हणून आम्ही निघालो.

पुण्याजवळ कासारवाडीला स्टेशनच्या जवळ हौसाक्काच्या चाळीत आम्हाला खोली मिळाली. हौसाक्का मूळची तिथलीच, नवरा गेलेला, चाळीची मालकीण. मला वरून खालून बघून म्हणाली, "बीडची हायेस व्हय? मंग पाणी पुरवून वापरशील. बरं हाय." ते खरंच होतं. आमच्याकडं दुसऱ्या गावचा माणूस भेटला की आधी विचारायचे, पाणी काय म्हणतंय. म्हणजे पाऊस पडला का. इथं कोणी तसं विचारत नव्हतं. इथं पाणी म्हणजे कोपऱ्यावरचा नळ. तो सकाळी तासभर यायचा, आणि तो तास सगळ्या बाया भांडायच्या.

ह्यांना एका मोठ्या कंपनीत काम लागलं, तेही भट्टीवर. मला वाटलं, चला, घरचंच काम. घरी आल्यावर मी विचारलं, काय करता तिथं? म्हणाले, "पाणी देतो. फक्त पाण्याची कुंडी नाही, तेलाची टाकी आहे. दात्यांची चाकं लाल करायची आणि तेलात सोडायची." मी म्हटलं, मग तेल दिलं म्हणा की. ते हसले. म्हणाले, "लोहाराच्या पोराच्या तोंडात पाणीच येणार." पण त्या तेलाच्या धुराचा वास त्यांच्या कपड्यांना यायचा, अंथरुणाला यायचा, पोरीच्या केसांना यायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

तेव्हा ते टेंपररी होते. सहा महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावणं. दुसऱ्या खेपेला साहेब म्हणाला, तुला कायम करतो. कायम व्हायच्या आधी कंपनीचा डॉक्टर तपासायचा, छातीचा फोटो काढायचा. आणि नेमके त्याच दिवसांत हे खोकायला लागले.

आधी संध्याकाळचं अंग तापायचं. मग कुशीत दुखायला लागलं. मग जेवण कमी झालं. मी ताटात वाढलेलं बघायची आणि उरलेलं बघायची. माझ्या गळ्यातल्या मण्यांना सोनाराकडून सोन्याचं पाणी दिलेलं होतं, ते त्याच वर्षी उतरलं आणि खाली पितळ दिसायला लागलं. मी ते मणी पदराखाली झाकायची. असल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, तरी झाकायची.

सगळे म्हणाले, इथलं पाणी लागलंय. हौसाक्काही म्हणाली, आणि मलाही तसंच वाटलं. आकुर्डीला कामाला असलेला आमच्या गावचा एक माणूस लग्नाला गावी निघाला होता. त्याच्याकडं मी निरोप दिला, ह्यांना इथलं पाणी मानवत नाही, मामंजींना सांगा.

आठवडाभरात हे इतके खंगले की मी त्यांना ओढतच स्टेशनजवळच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाठीवर बोटं ठोकली, कान लावला, आणि म्हणाला, "छातीत पाणी झालंय. बहुतेक क्षयाचंच. सरकारी दवाखान्यात न्या, सुईनं काढावं लागेल. उशीर करू नका." मी म्हटलं, छातीत कुठून पाणी येईल? माझी चौथी झालेली. शाळेत पाण्याचा एकच अर्थ सांगितला होता. डॉक्टर म्हणाला, "बाई, येतं."

घरी आल्यावर हे म्हणाले, "गुरुवारपर्यंत थांब. गुरुवारी फोटो आहे."

"फोटोत दिसेल की."

"मी जाणारच नाही फोटोला. बाजूच्या भट्टीवरचा शंकर माझ्या नावानं जाणार आहे. त्याची छाती ठणठणीत आहे. एकदा कायम झालो की मग दवाखान्यात जातो."

ह्या खोट्याची मला लाज वाटली असं नाही. मी हिशेब लावत होते, गुरुवारपर्यंत हा माणूस टिकतोय का. आणि आत्ताच दवाखान्यात गेलो, तर कंपनीला कळणार, नोकरी गेली, खोली गेली, परत गाव. माझ्या एका कुशीला झोपलेल्या पोरीचा श्वास आणि दुसऱ्या बाजूला ह्यांचा, आत काहीतरी हिंदकळल्यासारखा. त्या खोलीत मला दोन्ही ऐकू यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी दारात. डोक्याला पागोटं आणि खांद्यावर गोडेतेलाचा पत्र्याचा डबा. तोंडाला लाकडी बूच ठोकून वर फडकं बांधलेलं. आपल्या विहिरीचं पाणी. बीडहून पुण्यापर्यंत मांडीवर धरून आणलेलं. पुण्यापर्यंतचं तिकीट दिल्यावर कंडक्टरनं विचारलं होतं, "बाबा, तूप हाय का?" मामंजी म्हणाले, पाणी. कंडक्टर म्हणाला, "पुण्याला पाणी घेऊन जाणारा पहिलाच मानूस बगितला."

मी त्यांना डॉक्टरचं सांगितलं, शंकरचं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा माझ्या बाजूनं बोलेल. ते म्हणाले, "आठ दिस हे पाणी पाजू त्येला. उतार पडंल. तवर त्यो फोटो हून जाऊ दे."

"आणि नाही पडला उतार तर?"

"पन नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. गावाला येऊ. तुमच्या हाताखाली काम करतील."

मामंजी डब्याचं फडकं सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "कशावर करंल? ऐरण इकली म्या. भाताबी. येनारं गिऱ्हाईकच न्हवतं कुनी."

बाहेर लोणावळ्याकडची गाडी गेली, भांडी थडथडली. परत जायला गाव आहे असं धरून मी ते सगळे महिने काढले होते. ते त्या घटकेला संपलं. भीती वाटायला हवी होती. वाटलीच. पण एक गोष्ट सोपीही झाली. आता राखायला एकच उरलं होतं, ह्यांचा जीव.

मी सासऱ्यापुढं कधी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मामंजी, आम्ही निघालो त्या सकाळी तुमच्या सांडशीत लाल पातं होतं. गाडी सुटायला आली होती तरी तुम्ही ते खाली ठेवलं नाही. ते गुरुवारपर्यंत थांबलं असतं का?"

हे म्हणाले, "अगं, कोणाशी बोलतेस?"

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. मग बूच परत ठोकून बसवलं, उठले आणि पोराला म्हणाले, "ऊठ. सदरा घाल."

सरकारी दवाखान्यात ह्यांना स्टुलावर उलटं बसवलं आणि पाठीतून सुई घातली. बाटलीभर पाणी निघालं, पिवळट, लिंबाच्या सरबतासारखं. मामंजी दाराशी उभे होते. बाहेर येऊन म्हणाले, "येवढं? येवढं घिऊन त्यो भट्टीवर हुबा ऱ्हायचा?" आणि खाली बसले.

त्या नोकरीवर आम्ही पाणी सोडलं. कंपनीनं ब्रेक दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. रोजची इंजेक्शनं, मग गोळ्या, दीड वर्ष. हौसाक्का खोली सोडायला सांगेल म्हणून मी तिच्यापासून आजार लपवत होते. पण चाळीत काय लपतं? एक दिवस ती दारात येऊन उभी राहिली. "क्षय हाय न्हवं? भांडी येगळी ठिव त्येची. पोरीला माज्याकडं झोपव. आन् तोंड लपवत फिरू नगं, मला राग येतो." एवढं बोलून गेली.

मी औषधाच्या एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायला लागले. पहिल्या शिफ्टला जायचं तर नळाच्या वेळेला मी घरी नसायची. म्हणून मामंजी लायनीत उभे राहायला लागले. सगळ्या बाया आणि मधे एक पागोटं. हौसाक्का ओरडायची, "बाबा, पदर घ्या की डोईवर!" मामंजी म्हणायचे, "पागोटं हाय तेवढं बास."

आणलेल्या पाण्यातलं पेलाभर ते ह्यांना रोज पाजत होते. मी आड आले नाही. काही दिवसांनी डबा हुंगला, म्हणाले, "वास याया लागला," आणि उरलेलं गटारात ओतलं. ते म्हणाले, "डबा चांगला हाय, नळावर न्यायला व्हईल." पुढं कितीतरी वर्षं नळाचं पाणी त्याच डब्यानं आलं.

हे बरे झाले. भोसरीत एका लहान वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये लागले, धुरापासून लांब. मामंजी गावी परत गेलेच नाहीत. इथंच गेले. शेवटी पाणी मागितलं, मी नळाचं दिलं. प्याले आणि म्हणाले, "गार हाय." हेही आता नाहीत, पण म्हातारे होऊन गेले, छातीनं नाही. तरी माझी सवय सुटली नाही. घरात कोणी खोकलं की हातातलं काम थांबवून मी दुसऱ्या खोकल्याची वाट बघते. सुनेला वाटतं, सासू कान देऊन बसते. बसतेच.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात मी गावी गेले होते. पुतणसुनेनं तांब्या पुढं केला आणि मी पिशवीतून माझी बाटली काढली. आताच्या निगडीच्या घरून भरून नेलेली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, आपल्या विहिरीचं पाणी चालंना का आता तुमास्नी?"

"नाही चालत," मी म्हटलं. "पोट बिघडतं."

सगळ्यांना वाईट वाटलं. वाटू दे. तुम्ही म्हणाल, काकू गाव विसरली. मी काही विसरले नाही. ती विहीर कुठल्या अंगाला उतरते, कुठल्या पायरीवर शेवाळ असतं, डोळे झाकून सांगते. पण पोटाला आठवणी नसतात. त्याला जे मिळत गेलं ते त्यानं मानलं.

गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यातली दोन पोरं येत्या महिन्यात चाकणला कामाला येणार आहेत म्हणे. येऊ द्या. सोबत पाणी देऊ नका. आठ दिवस उकळून प्यायला सांगा. आणि पोरगा खोकायला लागला, तर पाणी लागलंय म्हणून बसू नका. आधी माझ्याकडं पाठवा. दवाखान्यात मी नेते.