तो माझा विद्यार्थी होता

भोकरदनच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे तो पोरगा वाहवत चालला तेव्हा त्याला परत आणायचा पहिला मान माझा, असं मी मनाशी धरून चाललो होतो. वर्गात सगळ्यात हुशार तोच. गावातल्या एका दादाच्या बैठकांना जाऊ लागला आणि एक दिवस तासाला उभा राहून म्हणाला, "सर, सगळ्यांना मत कशाला पाहिजे? ज्यांची निष्ठाच इथं न्हाई, त्यांचं मत बिलकुल बंद करा." बोलताना तो मागच्या बाकावरच्या दोन मुस्लिम मुलांकडे पाहत होता. दुसऱ्या दिवसापासून ती दोघं तासाला यायची थांबली.

मी त्याच्याशी वाद घालू लागलो. कलमं काढली, इतिहास काढला, दाखले दिले. दर वेळी मीच जिंकायचो आणि तो आणखी एक बाक मागे सरकायचा. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो. तेव्हा भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, त्याला आमच्या श्रमदान शिबिराला पाठवा ना."

या मॅडम तासिका तत्त्वावरच्या. जेवढे तास तेवढं मानधन आणि नेमणूक दर वर्षी नव्याने. मी कायम, त्या पाहुण्या. मी हसून म्हणालो, "न्या."

शिबिर हसनाबादजवळ होतं. तिसऱ्या दिवशी तिथं माझं लोकशाही मूल्यांवर व्याख्यान ठेवलेलं. सकाळभर नाला खोदून आलेली पोरं पेंगत होती आणि तो तर समोर नव्हताच. व्याख्यान संपवून मागच्या बाजूला गेलो, तर तो त्या दोन मुस्लिम मुलांपैकी एकाबरोबर पिठल्याचं पातेलं घासत बसलेला. दोघं कशावर तरी हसत होते. मला पाहिल्यावर मान खाली घालून पुन्हा घासू लागले.

झालं होतं असं. मॅडमनी त्या दोघांनाही शिबिराला आणलं होतं आणि शिबिरप्रमुख त्यालाच केलं. त्याने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की भांडी त्या दोघांनीच घासायची. मॅडमनी ते फिरवलं नाही. शिबिराच्या रिवाजाप्रमाणे जेवणानंतर सगळ्यांना गोल बसवलं आणि ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दिलं. त्या दोघांतला एक म्हणाला, "भांडी आम्हीच का?" आता दादाच्या बैठकीत कारण विचारायची सोय नसते. इथं सगळी पोरं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मॅडमनी त्याची सुटका केली नाही. शेवटी तोच म्हणाला, "मंग पाळी लावू. पयली माझी."

"तुम्ही वाद नाही घातला?" मी मॅडमना विचारलं.

"मला कुठं येतो तुमच्याएवढा," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त झोंबला.

मी जळलो, सरळच सांगतो. ती दोघं पुन्हा वर्गात दिसू लागली, तीही मॅडमच्या पुण्याईने. त्याच्या शेतातली बोरं मॅडमच्या टेबलावर यायची आणि मी दोन टेबलं पलीकडे चहा पीत बसायचो. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. पोरगा वाचला, आनंद व्हायला हवा होता. पण तो माझा विद्यार्थी होता, हेच पोटात दुखत राहिलं.

नव्या वर्षी मॅडमची नेमणूक झाली नाही. रिकामी खुर्ची पाहून मला बरं वाटलं. आता पोरगा येईल झक मारत माझ्याकडे, म्हटलं. आणि तो आलाच. बरोबर ती दोघंही होती.

"सर, मॅडम का न्हाईत?"

"संस्थेने ठरवलं."

"आमाला इचारलं का कुणी? आमी शिकून राह्यलो ना त्यांच्याकडं."

अशी विचारायची पद्धत नसते, असं मी म्हणालो. माझ्याच तोंडून हे ऐकून मला कसंसंच झालं.

"मंग पद्धत पाडू," तो म्हणाला आणि त्याने मॅडमना परत घेण्याचा अर्ज पुढे केला. "पोरांच्या सह्या झाल्या. सरांमधून पयली तुमची पाहिजे."

'आम्हाला विचारलं का कुणी?' या एका प्रश्नासाठी मी आयुष्यभर वर्गात घसा कोरडा केला होता. तो मला पहिल्यांदा विचारला गेला, तोही मॅडमसाठी. मी सही केली. त्या परत याव्यात असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, तरी केली.